दूरशिक्षणाने ख्रिस्ती विद्यापीठात अर्ज करायचाय, वय ४३, इथे कुणी केलंय का?

प्रवरेकाठची

सलाम सगळ्यांना. दोनेक वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नगर जिल्ह्यातली, मिशन दवाखान्यात नर्स आहे, आठवड्यात तीन नाइट असतात. बी.ए. पुणे विद्यापीठातून, २००३ ला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, १४ वर्षं संडे स्कूल घेतेय. मला पवित्र शास्त्र नीट, शिस्तीत शिकायचंय, म्हणजे परीक्षा देऊन, पुस्तकं वाचून, कुणीतरी आपली उत्तरं तपासून चूक दाखवेल असं. घर सोडून सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, जाऊन राहणं शक्य नाही, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत आणि मुलगा बारावीला.

हे डोक्यात का आलं ते सांगते. मागच्या वर्षी वर्गात बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट सांगत होते, ज्याची मुलंबाळं, गुरंढोरं सगळं जातं. शेवटी देवाने त्याला सगळं दुप्पट दिलं, सात मुलगे आणि तीन मुली पुन्हा झाल्या, असं सांगून मी संपवलं, तर एक दहा वर्षांचा पोरगा म्हणाला, बाई, पण आधीच्या मुलांचं काय? ती तर मेलीच ना? त्या पोराचे वडील दोन वर्षांपूर्वी वारलेत. मला काहीच बोलता आलं नाही, प्रार्थना करून वर्ग सोडला आणि घरी येऊन खूप रडले. तेव्हापासून वाटतंय की एवढ्या वर्षांत आपण मुलांना गोष्टी सांगितल्या पण आपल्यालाच त्या कळल्यात का.

आता प्रश्न. १) एका ओळखीच्या बंधूंनी व्हॉट्सअपवर जाहिरात पाठवलीये, कुठलं तरी 'इंटरनॅशनल' विद्यापीठ, सहा महिन्यांत बी.टी.एच. म्हणजे बॅचलर ऑफ थिऑलॉजी, वर्षात डॉक्टरेट, परीक्षा नाही, २२,००० रुपये आणि हॉटेलात पदवीदान समारंभ. माझ्या दिरांनी अशीच एक घेतलीये, गाऊनमधला फोटो भिंतीवर आहे. हे खरं असतं का? २) खरं कुठलं मग? ३) शाळेच्या दाखल्यावर माझं एक नाव आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर वेगळं, त्याचं काय करायचं? ४) पाळकांचं शिफारसपत्र लागतं म्हणे, आणि आमचे पाळक "बाईमाणसाला कशाला एवढं" म्हणतात.

हिशोबनीस

ताई, पहिल्याचं उत्तर आधी देतो. पैसे देऊ नका. कुणी कितीही प्रार्थना करून मागितले तरी देऊ नका.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात २६ वर्षं काढलीयेत, हजारो मार्कशीटा हातातून गेल्यात, त्यामुळे जरा कायद्याचं बोलतो. आपल्या देशात पदवी द्यायचा अधिकार कुणाला, हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १९५६ च्या कायद्यातल्या कलम २२ मध्ये लिहिलंय. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने उभं राहिलेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, बस. ट्रस्ट रजिस्टर केला, सोसायटी रजिस्टर केली, आयएसओचं सर्टिफिकेट भिंतीला लावलं, याने पदवी देता येत नाही. यूजीसी दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी काढते, तिच्यात विशाखापट्टणमच्या 'बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया'चं नाव आहे, आणि आपल्याकडचं म्हणाल तर नागपूरची 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी' आहे, म्हणजे हे एका धर्माचं दुखणं नाही. पण यादीत नाव नाही म्हणजे खरं, असंही समजू नका. उलट विचारायचं, की बाबा तुला पदवी द्यायचा अधिकार कुठल्या कायद्याने दिला, कायद्याचं नाव आणि साल सांग. खरा असेल तो एका ओळीत सांगतो.

आणि वर्षात डॉक्टरेट ही गोष्ट तर सोडूनच द्या. यूजीसीच्या २०२० च्या दूरशिक्षण नियमांत पीएच.डी. दूरस्थ पद्धतीने करताच येत नाही.

बायबलबाईची_नात

तुमचा तो ईयोबाचा प्रसंग वाचून गलबलून आलं ताई. त्या लेकराला सलाम सांगा.

निवृत्त_पाळक

प्रिय भगिनी, सलाम. मी ७२ वर्षांचा आहे, मोबाईलवर हळू टाइप होतं, चुका दिसल्या तर समजून घ्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर श्रीरामपूर. आपल्या जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं, हुगळी नदीच्या काठचं, इंग्रजीत त्याला सेरामपूर म्हणतात. तिथलं कॉलेज १८१८ साली विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांनी काढलं. तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ साली डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद दिली आणि कॉलेजला पदव्या द्यायचा अधिकार मिळाला. पुढे १८४५ ला गाव इंग्रजांनी विकत घेतलं तरी सनद राहिली, आणि १९१८ साली बंगालच्या कायदेमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा केला. हिशोबनीस साहेब म्हणतात तसं कायद्याचं नाव आणि साल विचारलंत तर ते हे. ईश्वरविज्ञानाच्या म्हणजे थिऑलॉजीच्या पदव्या तिथलं सेनेट देतं आणि देशभरातल्या सेमिनऱ्या त्याला जोडलेल्या आहेत. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती आधी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्यात आली, तीही सेरामपूरला जोडलेली.

आता तुमच्या कामाचं. सेनेटचा बाह्य विद्यार्थ्यांसाठीचा विभाग आहे, त्याला सेप्टर म्हणतात. तिथून नोकरी संसार सांभाळून बी.सी.एस. म्हणजे बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज करता येतं, आणि त्याच्या खाली डिप्लोमाही आहे. हे मुळात पाळक नसलेल्या, तुमच्यासारख्या मंडळीतल्या माणसांसाठीच आहे. बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी वेगळं, त्याला सेमिनरीत राहावं लागतं, ते पाळकपणासाठी. आमच्या वेळी मंडळीतला एक पोस्टमास्तर असा बाहेरून शिकला होता, जुना करार, नवा करार, ईश्वरविज्ञान, ख्रिस्ती इतिहास, इतर धर्म, सगळे पेपर रात्री कंदिलाखाली वाचून दिले, आणि खरं सांगतो, आम्ही सेमिनरीत राहून शिकलेले त्याला शंका विचारायला जायचो.

वसईकर_किरण

मी कॅथलिक आहे त्यामुळे आमचा रस्ता जरा निराळा, तरी सांगते. पुण्यात नगर रोडवर ज्ञानदीप विद्यापीठ आहे, पोपच्या परवानगीने चालणारं, त्याची मुळं १८९३ ला श्रीलंकेतल्या कँडीत आहेत आणि १९५५ मध्ये ते पुण्याला आलं. तिथल्या पदव्या चर्चच्या म्हणजे रोमच्या मान्यतेच्या. आमच्याकडे बरेच जण असं करतात की पदवी इग्नूची घेतात, एम.ए. फिलॉसॉफी वगैरे, आणि श्रद्धेचा अभ्यास धर्मप्रांताच्या वर्गांत करतात. दोन्ही एकाच कागदातून मिळावं हा हट्ट सोडला की सोपं जातं.

जालन्याचा_सॅम

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका ताई. हे सगळं करून नोकरीत काय फायदा? माझ्या भावाने तीन वर्षं बायबल कॉलेज केलं, प्रामाणिकपणे केलं, आणि आज तो मोबाईलच्या दुकानात आहे, कारण बँकेच्या फॉर्ममध्ये ती पदवी कुठे भरायची हेच कळत नाही. घरात आई अजून विचारते, देवाचं शिकलास मग देवाने पोटाचं का नाही बघितलं. मला वाटतं कुणी तरी हे आधी सांगायला पाहिजे होतं त्याला.

हिशोबनीस

सॅमभाऊ, तुमच्या भावाचं वाईट वाटलं, आणि तुम्ही म्हणताय ते सगळ्यांनी वाचावं असं आहे. जाहिरातीत "मान्यताप्राप्त" लिहिलेलं असतं पण कोणाची मान्यता आणि कशासाठी, हे लिहिलेलं नसतं. चर्चची मान्यता वेगळी, सेमिनऱ्यांच्या आपसातल्या संघटनांची मान्यता वेगळी, आशिया थिऑलॉजिकल असोसिएशन आहे ती अभ्यासाचा दर्जा बघते, तिच्या मान्यतेला सेमिनरीच्या जगात किंमत आहे पण त्याने तुम्ही तलाठ्याच्या परीक्षेला बसू शकत नाही. सरकारी नोकरी, बढती, पगारश्रेणी यासाठी जिथे बी.ए. लागतं तिथे ईश्वरविज्ञानाची पदवी चालेल असं धरून चालूच नका, ज्या ऑफिसला कागद द्यायचा त्या ऑफिसकडून आधी लेखी घ्या. ज्याला नोकरीसाठी पदवी हवीये त्याने नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू धरावं, त्यांची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीसारखीच धरायची असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, फक्त तो कोर्स त्या वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर आहे का ते बघायचं. नुसतं विद्यापीठाचं नाव बघून थांबू नका, कोर्सचं नाव बघा.

प्रवराताई, तुमच्याकडे बी.ए. आहे, नोकरी आहे. तुम्हाला अभ्यास हवाय. त्यामुळे तुमचं गणित सॅमभाऊच्या भावापेक्षा वेगळं आहे.

प्रवरेकाठची

हो, मला पगारासाठी नकोच आहे. पण सॅम, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, आमच्या मंडळीतला एक पोरगा बारावीनंतर बायबल कॉलेजला जायचं म्हणतोय, त्याला मी हे वाचायला देणार आहे. आधी मुक्त विद्यापीठाचं बी.ए. पण सोबत कर म्हणेन.

आणि पाळकसाहेब, श्रीरामपूर वाचून मी खरंच आधी आपलंच समजले, म्हटलं एवढं मोठं विद्यापीठ बेलापूर रोडला कधी झालं!

डॅलसहून_माया

नमस्कार, मी मूळची सोलापूरची, २०११ पासून टेक्सासमध्ये. मी स्वतः इथल्या एका ख्रिस्ती कॉलेजातून ऑनलाइन मास्टर्स केलंय, काम करत करत, साडेचार वर्षं लागली. अमेरिकेचा विषय निघालाय म्हणून लिहिते कारण जाहिरातीत "अमेरिकन युनिव्हर्सिटी" हा शब्द असतोच.

इथे दोन टोकं आहेत. एकीकडे लिबर्टीसारखी मोठी विद्यापीठं, व्हर्जिनियात लिंचबर्गला, १९७१ ला सुरू झालेलं, रीतसर अ‍ॅक्रेडिटेशन, हजारो लोक ऑनलाइन शिकतात. दुसरीकडे दोन खोल्यांची "युनिव्हर्सिटी". हे कसं चालतं, तर फ्लोरिडासारख्या राज्यांत फक्त धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना राज्याच्या परवान्यातून सूट आहे. कायद्याने गुन्हा नाही, पण सूट म्हणजे दर्जा तपासलाय असं मुळीच नाही. हे लोक भारतात येऊन सांगतात की आम्ही अमेरिकेच्या सरकारकडे नोंदलेले आहोत, आणि त्या वाक्याने गावाकडचे साधे पाळक फसतात, याचा मला फार त्रास होतो कारण त्यातले काही माझे नातेवाईक आहेत. अ‍ॅक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थाही बनावट असतात, एकाच माणसाने विद्यापीठ काढायचं आणि त्यानेच मान्यता देणारी संस्था काढायची. म्हणून अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या यादीत नाहीतर चिया (CHEA) नावाच्या, मान्यता देणाऱ्या संस्था तपासणाऱ्या परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव शोधायचं. सेमिनऱ्यांसाठी एटीएस, बायबल कॉलेजांसाठी एबीएचई, या खऱ्या संस्था आहेत. पाच मिनिटांचं काम आहे.

आता खऱ्या कॉलेजात अर्ज करणं कसं असतं ते पण सांगते. पुणे विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढावं लागतं, बंद लिफाफ्यात, शिक्का मारलेलं, मग त्याचं मूल्यांकन करून घ्यायचं, त्याचे वेगळे पैसे. इंग्रजीची परीक्षा. दोन शिफारसपत्रं, एक पाळकांचं. आणि फी दर क्रेडिटमागे, म्हणजे अभ्यासाच्या दर एककामागे, डॉलरमध्ये, हा खरा डोंगर. अभ्यास आठ आठवड्यांच्या तुकड्यांत, दर गुरुवारी आपलं मत लिहायचं आणि रविवारपर्यंत दोन वर्गमित्रांना उत्तर द्यायचं, आणि ते "छान लिहिलंस" असं चालत नाही, संदर्भ देऊन लिहावं लागतं. तुम्हाला नाइट ड्युटी करून, रुपयात कमावून हे पेलायला जड आहे ताई. मी परत निवडलं असतं तर आधी भारतातलंच बघितलं असतं. आणि भारतात ती पदवी कुठे दाखवायची झाली तर समतुल्यतेचा प्रश्न येतो तो वेगळाच, परदेशी आणि वर ऑनलाइन म्हटलं की जास्तच.

बायबलबाईची_नात

टॅफ्टीचं नाव कुणी घेतलंच नाही अजून!

माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंनी काढलेल्या आश्रमात वाढली, त्यांच्या नंतरच्या काळात, आणि पुढे आयुष्यभर बायबलबाई म्हणून खेडोपाडी फिरली. रमाबाईंनी सोप्या मराठीत सगळं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, आणि १९२२ ला त्या गेल्या त्याच्या अगदी थोडं आधी ते काम हातावेगळं केलं, छापून आलं १९२४ ला, आणि ते छापायचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. आजीकडे त्याची प्रत होती. म्हणजे "बाईमाणसाला कशाला" म्हणणाऱ्या पाळकांना एवढंच विचारायचं की त्यांच्या कपाटात रमाबाईंचं बायबल आहे का.

तर टॅफ्टी. बंगळूरूची संस्था, १९७१ पासून. कल्पना मूळ ग्वाटेमालातली, १९६३ ची, तिथल्या सेमिनरीच्या लक्षात आलं की मंडळ्या खरोखर चालवतात ती शेतकरी मजूर बायाबापडी माणसं सेमिनरीत येऊच शकत नाहीत, मग सेमिनरीच त्यांच्या गावी न्यायची. घरी रोज थोडं थोडं पुस्तक सोडवायचं आणि आठवड्यातून एकदा गटात बसून बोलायचं. मी औरंगाबादला असताना आमचा सहा जणांचा गट होता, एक रिक्षावाले काका, दोन शिक्षिका, मी, एक निवृत्त फौजी आणि पाळकांची बायको. दर शनिवारी साडेसहाला. एकट्याने अभ्यास करताना तीन महिन्यांत पुस्तक कपाटात जातं, हे मी स्वतः अनुभवलंय, पण शनिवारी पाच माणसं वाट बघतायत म्हटल्यावर माणूस वाचतो. रिक्षावाले काका मीटरच्या शेजारी पुस्तक ठेवायचे. इंग्रजीशिवाय आपल्या भाषांमधले कोर्सेसही आहेत. तुम्ही सेरामपूरचं कराल तेव्हासुद्धा दोन-तीन जणांचा गट बांधा, एवढं माझं ऐका.

निवृत्त_पाळक

नातीने योग्य आठवण दिली.

भगिनी, शिफारसपत्राबद्दल. आमची सी.एन.आय. म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया मंडळी, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली, आणि तिच्यात बायकांना पाळकपणाची दीक्षा मिळते. तुमचे पाळक कुठल्या मंडळीचे मला माहीत नाही आणि तुम्ही सांगू नका. पण त्यांच्याशी भांडू नका. मी पाळक होतो म्हणून सांगतो, पुष्कळदा नकारामागे भीती असते, की ही शिकली तर माझ्या उपदेशातल्या चुका काढेल. मला स्वतःला ती भीती वाटली होती, त्या पोस्टमास्तरची. त्यांना जाऊन म्हणा, पाळकसाहेब, मला संडे स्कूल नीट घ्यायचंय, दर महिन्याला मी काय शिकले ते तुम्हाला दाखवीन, तुम्ही मला अडलेलं सांगा. तरीही नाही म्हणाले तर पंचांकडे अर्ज द्या, सेक्रेटरीच्या सहीने मंडळीचं पत्र मिळू शकतं, नाहीतर दवाखान्याचे चॅपलन म्हणजे तिथले पाळक आहेतच की.

दुसरं, तुमच्या दिरांबद्दल. त्यांना घरात कमी लेखू नका. मानद पदवी ही मुळात वाईट गोष्ट नाही, केरीलाही १८०७ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने मानद डी.डी. म्हणजे डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी दिली होती. पण तो माणूस चांभारकीच्या पाटावर पुस्तक उघडं ठेवून भाषा शिकला, कधी कॉलेजात गेला नाही, आणि इथे येऊन फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि आपली मराठी शिकवायला लागला. १८०५ ला मराठीचं व्याकरण, १८१० ला कोश, तोही मोडी अक्षरांत छापलेला, १८११ ला मराठी नवा करार, हे सगळं त्याच श्रीरामपुरातून निघालं, नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने. आधी काम झालं, पदवी मागाहून चालत आली, त्याने बावीस हजार भरले नव्हते.

तुम्ही तिथे अर्ज कराल तेव्हा हे मनात ठेवा, मराठी बाई तिथे परकी नाही.

वसईकर_किरण

काका 🙏 हे माहितीच नव्हतं.

हिशोबनीस

तिसरा प्रश्न राहिलाच, नावाचा. आपल्या समाजात हे घराघरात आहे, शाळेत सखुबाई आणि चर्चच्या रजिस्टरमध्ये सारा, लग्नानंतर तिसरंच. त्यात शाळेच्या दाखल्यावरच्या धर्म-जातीच्या रकान्यात एक आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं, म्हणून लोक कागद दाखवायलाच घाबरतात, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीची सवलत राहत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश ओबीसीत आहे, तो दाखला रीतसर निघतो. तुमचा कागद जो आहे तो सरळ ठेवा, पुढे कधी तरी अडचण येण्यापेक्षा आत्ता एक दिवस तहसीलला गेलेलं परवडतं.

अर्जाचं म्हणाल तर, दहावीच्या मार्कशीटवर जे नाव तेच अर्जावर, स्पेलिंगसकट. बी.ए.च्या पदवीवर लग्नानंतरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. बाप्तिस्म्याच्या नावासाठी "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर करून नोटरीकडून घ्या. कायमचं मिटवायचं असेल तर महाराष्ट्र राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करता येतो, ऑनलाइन अर्ज आहे. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, स्वतःची सही करून, आणि अस्सल कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, पोस्टाने तर नाहीच नाही.

डॅलसहून_माया

आणि ताई "साक्ष" लिहावी लागेल, म्हणजे तुमचा विश्वासाचा प्रवास. ख्रिस्ती कॉलेज कुठलंही असो, हे बहुतेक विचारतातच. याच्यावर लोक अडतात. मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा चर्चमध्ये ऐकलेल्या साक्षींसारखी लिहिली होती, आधी अंधारात होते मग उजेड दिसला असं, आणि ते खोटं होतं, म्हणजे मुद्दाम खोटं नाही पण माझं नव्हतं. आमच्या घरात चौथी पिढी ख्रिस्ती, मला कुठला अंधार आठवणार, मला आठवतं ते आजोबांचं सकाळी मोठ्याने स्तोत्र म्हणणं आणि चुलीवरचा चहा. मग ते सगळं खोडून तसंच लिहिलं.

जालन्याचा_सॅम

प्रवराताईंची साक्ष त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहून टाकलीये की. ईयोबवाली.

बायबलबाईची_नात

+१. एक अक्षर बदलू नका.

प्रवरेकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आता घरी आहेत.

काय काय झालं ते सांगते. २२ हजारवाल्या बंधूंना फोन करून विचारलं, तुमच्या विद्यापीठाला पदवी द्यायचा अधिकार कुठल्या कायद्याने, साल सांगा. ते म्हणाले भगिनी विश्वास ठेवायला शिका. मी म्हटलं विश्वास देवावर आहे, साल सांगा. त्यांनी फोन ठेवला.

पाळकांकडे गेले, काका म्हणाले तसंच बोलले. आधी गप्प बसले, मग आतून एक जुनी वही आणली, त्यांच्या स्वतःच्या सेमिनरीतल्या नोट्स, शाई उडालेली, म्हणाले मला पण पुढे शिकायचं होतं, जमलं नाही. शिफारसपत्र दोन दिवसांत दिलं. वही पण दिली वापरायला. मी त्यांच्याबद्दल इथे जे लिहिलं त्याचं मला आता वाईट वाटतंय.

सेरामपूरच्या सेनेट ऑफिसला पत्र टाकलंय, बाह्य अभ्यासक्रमाची माहिती, प्रवेशाची पात्रता, परीक्षेचं केंद्र महाराष्ट्रात कुठे, फी, आणि उत्तरं मराठीत लिहिता येतील का, असे पाच प्रश्न. ईमेल पण केलाय पण पत्र टाकायचंच होतं. पोस्टात काउंटरवरचा मुलगा म्हणाला मावशी श्रीरामपूरला स्पीड पोस्ट कशाला, एसटीने अर्ध्या तासात पोचाल. त्याला पिनकोड दाखवला, ७१२२०१, आपला ४१३७०९. म्हटलं हे बंगालचं आहे.

प्रतिज्ञापत्र झालं. मार्कशीटवरचंच नाव घालतेय.

साक्ष लिहितेय. त्या पोराच्या आईला विचारलं आधी, लिहू का म्हणून, ती म्हणाली लिहा. मग मी त्यालाच विचारलं, अजून तो प्रश्न आहे का मनात? म्हणाला हो. म्हटलं मी शिकायला जातेय, पण उत्तर मिळेल असं वचन नाही देत. त्यावर म्हणतो, तुम्ही पुस्तक वाचताना मी शेजारी बसू का.

निवृत्त_पाळक

बसू द्या त्याला. ईयोबाचं ४२ वं अध्याय नव्हे, तिसऱ्यापासून सुरू करा दोघांनी, जिथे ईयोब सात दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडतो. संडे स्कूलमध्ये आपण तो भाग नेहमी गाळतो.

जालन्याचा_सॅम

भावाला धागा दाखवला. तो विचारतोय नगर-जालना असा शनिवारचा गट व्हिडिओ कॉलवर होईल का, त्याच्याकडे तीन वर्षांची पुस्तकं पडून आहेत.

प्रवरेकाठची

होईल. शनिवारी माझी नाइट नसते. सात वाजता?